पणज्याचे नाव मोडीत घालू नका!



घरातली वस्तू दुसऱ्याने चोरली तर आपण बोंब मारतो, पोलिसात वर्दी देतो, चार माणसे गोळा करून माग काढतो. परंतु जी वस्तू आपणच आपल्या हाताने उचलून सराफाच्या तराजूत टाकतो, तिची वर्दी कोठे द्यावी? अशी एक चोरी, की जीत चोरही आपण व धनीही आपणच, आमच्या डोळ्यांदेखत घडली. ती सांगून तुमच्याशी थोडे भांडावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. भांडण गोड लागणार नाही. पण कडू काढा पाजणारी आई काही वैरीण नसते.

आमच्या तालुक्याच्या पेठेत जुन्या नाण्यांचा लिलाव होता. शिवराया, ढब्बू पैसे, राणीछाप रुपये, संस्थानांची नाणी, असा सगळा माल मांडला होता. सराफ आले होते, मोड विकत घेणारे आले होते, शहरगावचे दोनतीन नाण्यांचे व्यापारी आले होते, आणि आमच्यासारखे खिशात थोडके व डोळ्यांत पुष्कळ असे बघेही होते. आमच्याबरोबर आमच्या आळीतले एक लोहारदादा होते. त्यांना शिवराया गोळा करण्याचा नाद आहे.

मधेच एक फुटकळ चांदीचा ढीग पुकारला गेला. त्यात एक तोडा, दोन मोडके वाळे, करदोड्याचे तुकडे आणि एक गोल चकती होती. लिलाववाल्याच्या यादीत लिहिले होते, "अनोळखी पदक, चांदी, नग एक." चकती हातोहात फिरली. एका बाजूस उघड्या डोक्याच्या राजाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूस एक उघडाबंब घोडेस्वार, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापेखाली ढाल आणि कवटी. वर्षानुवर्षे चिंच-रांगोळीने घासून घासून घोडेस्वाराचे नाकडोळे गेलेले, बाजूचे आकडे पुसट झालेले. खोबणीत काहीतरी पिवळे बसले होते. "मळ आहे," लिलाववाला म्हणाला. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने नखाने ते टोकरून वास घेतला, आणि चकतीस हात जोडले. "मळ कुठला बाबा, हळद हाय. कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला खंडेराया हाय ह्यो."

सराफाने कस लावून पाहिला. "चांदी बरी आहे, रुपयाच्या चांदीपेक्षा जराशी सरसच. तीन तोळ्यांच्या आसपास भरेल," एवढे म्हणून त्याने ती पुढे दिली. राजा कोणता, स्वार कोणता, ह्याची कोणास गरज नव्हती. मोडीचा भाव ठरला की काम झाले.

चकती लोहारदादांच्या हाती आली तेव्हा त्यांनी तोंडही पाहिले नाही आणि पाठही पाहिली नाही. जन्मभर लोखंडावर ठसे उठविलेला माणूस. त्याने अंगठा कडेवरून फिरवला. "अहो, ह्याला वर कान होता, तो कुणीतरी तोडलाय. आणि ही कड बघा. ही नक्षी नव्हे, ठोकलेली अक्षरे आहेत." आम्ही भिंग लावले. इंग्रजी अक्षरे होती: एक नंबर, मग "सिपॉय", मग एक नाव, तुमच्याआमच्या गावात दहा निघतील असे, आणि शेवटी "११० मराठा एल. आय."

लोहारदादांना राहवले नाही. ते मोठ्याने ओरडले, "अहो, हा खंडोबा नव्हे, हा आपला शिपाई! एकशेदहा नंबरची मराठा पलटण!"

झाले! कोपऱ्यात इतका वेळ जांभया देत बसलेल्या एका व्यापाऱ्याने मान वर केली. बोली सुरू झाली. मोडवाले चांदीच्या भावापाशी थांबले. आम्ही दोघांनी खिसे उलटे करून बोली वाढवली. त्याने दुप्पट केली. आम्ही शेजाऱ्यांकडून उसने घेऊन आणखी वाढवली. त्याने तिप्पट केली. एक वार, दोन वार, तीन वार! पणजा कोणाचा, आणि नेला कोणी!

तो व्यापारी माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने आम्हांस कडेवरची अक्षरे शांतपणे उतरवून घेऊ दिली, आणि हसून म्हणाला, "मुकाट्याने बसला असता तर मोडीच्या भावात मिळाले असते. नावाचे पदक आहे, मराठा पलटणीचे आहे. ह्याला गिऱ्हाईक आहे." लिलाववाल्यास विचारले की माल कोठून आला. तो म्हणाला, "एका बाईने सराफाकडे मोडीत घातला." ह्यापलीकडे त्याने सांगितले नाही, व सांगण्यास तो बांधलेलाही नव्हता.

आता विचार करा. त्या बाईस मिळाला चांदीचा भाव, तोही घट वजा जाता. व्यापाऱ्याने दिला त्याच्या तिप्पट. मधला फरक कशाचा होता? चांदी तर तीच होती. फरक होता तो कडेवरच्या एका ओळीचा. ती ओळ ज्याला वाचता आली त्याने माल नेला. ज्या घराची ती ओळ होती त्या घराने ती फुकट दिली.

हा बिल्ला काय होता ते आता सांगतो, कारण असे बिल्ले अजून पुष्कळ घरांच्या पेट्यांत, फडताळांत व देव्हाऱ्यांत आहेत. १९१४ ते १९१८ ह्या महायुद्धात जे शिपाई गेले त्यांना आठवण म्हणून देण्यासाठी इंग्रज सरकारने १९१९ साली तो मंजूर केला. चांदीचे असे सुमारे ६५ लाख बिल्ले पाडले गेले. राजा तो पाचवा जॉर्ज. घोडेस्वाराच्या टापेखालची ढाल जर्मनांची, आणि कवटी म्हणजे मरणाची खूण. दोहोंस तुडवून स्वार पुढे चालला आहे असा त्याचा अर्थ. राजाच्या मुखवट्याभोवती जी अक्षरे आहेत ती इंग्रजीही नव्हेत, लॅटिन आहेत. म्हणजे विलायतेतल्या भिक्षुकांची संस्कृतच म्हणा ना! आमच्या शिपायास घरच्या देवाचे मंत्र कळू नयेत अशी व्यवस्था येथल्यांनी केली होती, आणि छातीवरच्या बिल्ल्याचे अक्षर कळू नये अशी तजवीज तिकडच्यांनी केली. दोन्हीकडून डोके टेकवावयाचे तेवढे आमच्याकडे!

चांदीच्या बिल्ल्याबरोबर बहुतेकांस दुसरा एक पिवळा बिल्ला मिळाला. त्यावर इंग्रजीत कोरले आहे की हे महायुद्ध संस्कृतीसाठी झाले. ज्याला स्वतःच्या गावात शाळेची पायरी चढू दिली नाही त्याने संस्कृतीसाठी लढावे, आणि लढून आल्यावर पुन्हा सावकाराच्या ओट्याखाली उभे राहावे! महिना ११ रुपये पगारावर गेलेला हा शेतकऱ्याचा पोर. त्याला ना कैसर ठाऊक, ना बेल्जम ठाऊक. त्याला ठाऊक होते पडके रान, सावकाराचे खत आणि बहिणीचे लग्न.

तरी त्याने काय केले ते ऐका. हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसे ह्या लढाईत गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. इराकातील कुत गावी १९१५ च्या डिसेंबरापासून तुर्कांचा वेढा पडला. आत जे सैन्य होते त्याचे नावच "पूना डिव्हिजन". त्यात १०३, ११० आणि ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपले, घोडी मारून खाल्ली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी हत्यारे खाली ठेवली. मग वाळवंटातून पायपीट. हजारोंनी वाटेत व कैदेत प्राण सोडले. लिलावात गेलेल्या बिल्ल्याचा शिपाई त्या वेढ्यात होता की मागाहून भरती झाला, हे कड सांगत नाही. ते सांगणारे कोणी असेल तर ते त्याच्या घरात.

आणि ह्या बिल्ल्यांतही पंगतभेद होताच बरे! शिपायाला चांदी, पण जो मजूर पलटणीत ओझी वाहत होता, रस्ते खोदत होता, त्याला तोच राजा, तोच घोडेस्वार, परंतु धातू कासे. असे काशाचे बिल्ले सुमारे १ लाख १० हजार दिले गेले. ते घेणारे हिंदी, चिनी, माल्टा बेटाचे असे राबणारे लोक. तोफेच्या गोळ्याने मजूर आणि शिपाई असा भेद कधी केला नाही. तो केला टांकसाळीने! जेवणाच्या पंगतीत पात्रे निराळी मांडणारे फक्त आपल्याच देशात जन्मतात असे आम्ही समजत होतो. ती आमची चूक होती.

महार बंधूंची कथा तर ह्याहून कडू. १८१८ साली कोरेगावास ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या वंशजांस १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी लष्करभरतीचे दार बंद केले. त्यासाठी गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली. लढाई संपली, गरज सरली, आणि १९२१ साली ती मोडून टाकली. अशा पलटणीच्या शिपायाचा बिल्ला एखाद्या घरात असेल तर त्या घराने तो सोन्याहून जपावा. ती चार वर्षे झाली होती ह्याची ती घरातली साक्ष आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या मुलखात पुष्कळ गावांत चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात एक संगमरवरी फरशी बसवलेली आढळते. तीवर मजकूर असा असतो की ह्या गावातून महायुद्धास इतकी माणसे गेली, पैकी इतकी कामास आली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास तर लोक "अपशिंगे मिलिटरी" असेच म्हणतात. त्या एका गावाचे ४६ जवान त्या लढाईत पडले, आणि त्यांच्यासाठी स्तंभ उभा राहिला. परंतु तुमच्या गावची फरशी नीट वाचा. बहुतेक ठिकाणी आकडा आहे, नावे नाहीत. तेहतीस गेले, चार मेले. कोण चार? फरशी मुकी आहे.

आणि बिल्ल्याच्या कडेवर पाहा. तेथे नंबर आहे, हुद्दा आहे, नाव आहे, पलटण आहे. गाव नाही!

म्हणजे फरशीवर गाव आहे पण नाव नाही. बिल्ल्यावर नाव आहे पण गाव नाही. ह्या दोहोंची गाठ मारणारा तिसरा साक्षीदार एकच, तो म्हणजे तुमचे घर. "आमचा पणजा बसऱ्याला गेला होता" असे सांगणारी म्हातारी जोवर ओट्यावर बसली आहे, आणि बिल्ला जोवर फडताळात आहे, तोवर गाठ बसते. म्हातारी गेली आणि बिल्ला मोडीत गेला, की फरशी एकीकडे मुकी, कड दुसरीकडे मुकी. मग ब्रह्मदेव आला तरी त्या शिपायास त्याचे गाव परत देऊ शकणार नाही.

आमच्या घरांतील आणखी एक चाल येथे सांगितली पाहिजे. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही. घेतलेच तर हळदीकुंकवाला उखाण्यात. शिपाई इराकात मेला. मागे राहिलेल्या तरुण विधवेने जन्मभर त्याचे नाव उच्चारले नाही. उखाणाही संपला. पोरांना बाप "ते" म्हणून कळला. नातवंडांना "पलटणीतले आजोबा" म्हणून कळला. नाव राहिले कोठे? तर त्या बिल्ल्याच्या कडेवर. तिने तो देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवला, हळद वाहिली; सुनांनी घोडेस्वार पाहून त्यास खंडोबा समजून घासला व पुजला. पुष्कळ घरांत असेच झाले असेल. त्या बाईला आम्ही नावे ठेवीत नाही. तिने वाचता येत नसताना जे राखले, ते वाचता येणाऱ्या पणतवंडांनी विकले, ह्याचे आम्हांस दुःख आहे.

दगडावरच्या नावांचे काय झाले तेही ऐका. इराकात मेलेल्यांसाठी बसऱ्यास १९२९ साली इंग्रजांनी मोठे स्मारक उघडले. त्यावर साहेबांची नावे आहेत, गोऱ्या शिपायांची नावे आहेत. हिंदी पलटणीतल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! पुढे १९९७ साली सद्दाम हुसेनने ते स्मारकच उचलून नासिरियाच्या वाटेवर नेऊन ठेवले. अखेर २०२१ साली ज्या मंडळाकडे ह्या कबरींची व्यवस्था आहे, त्याने स्वतःच चौकशी करून कबुली दिली की हिंदी, आफ्रिकी, मिसरी अशा ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि निदान १ लाख १६ हजार मृतांची तर नावानिशी आठवणच ठेवली नाही. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. पण ज्यांची माफी मागावयाची त्यांची यादी कोठे आहे?

आता आमच्या विरुद्ध जे बोलले जाईल त्यास उत्तर देतो.

लिलावातच एक विद्वान गृहस्थ भेटले, जुन्या कागदांचे व्यासंगी. ते म्हणाले, "अहो, हे गुलामगिरीचे बिल्ले. इंग्रजांच्या चाकरीची लाज वाटावी, की त्यांचा अभिमान धरावा? वितळले तर बरेच झाले." ठीक. आम्ही त्यांस विचारतो: इंग्रजांची चाकरी फक्त शिपायानेच केली काय? मामलेदार कोण होते? शिरस्तेदार कोण होते? रावबहादुरीच्या सनदा कोणाच्या दिवाणखान्यात काचेखाली टांगल्या होत्या? त्या कोणी वितळवल्या? त्यांस "ऐतिहासिक कागद" म्हणावयाचे, आणि शेतकऱ्याच्या पोराने रक्त सांडून मिळवलेल्या तीन तोळ्यांस तेवढी गुलामी म्हणावयाची! १९१८ साली खुद्द महात्मा गांधी खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरले. त्यांनीही सरकारची पदके घेतली होती व १९२० साली ती परत केली, हे शाळेतल्या पोरास पाठ आहे. परत करणे ही मानाची गोष्ट. पण परत करावयास ती आधी ओळखावी लागते. आमच्या बाईने बिल्ला परत केला नाही, सराफाच्या मुशीत टाकला. ह्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आणि अभिमान धरा असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, नाव जपा. अभिमान धरावयाचा की लाज, हे ठरवावयास आधी माणूस कोण होता हे तर कळू द्या! १८८८ साली पुण्यास राणीच्या मुलाच्या सत्कारास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जरीच्या पागोट्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की हा हिंदुस्थान नव्हे, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे. त्या खेड्यातला खरा माणूस बिल्ल्याच्या कडेवर दबकून उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखविणे हेच सत्यशोधन.

दुसरे लोक म्हणतात, "इतिहास राजांचा व पेशव्यांचा असतो, शिपाई काय, पोटासाठी गेले." पोटासाठी गेले हे खरेच आहे. राजे तरी कशासाठी लढले? पण ह्या विद्वानांचा आम्हांस एका बाबतीत हेवा वाटतो, आणि तो उघडपणे सांगण्यात कमीपणा नाही. त्यांनी आपल्या वाडवडिलांचे कपटन्‌कपट जपले. रुमालांत बांधले, वाचले, छापले, त्यासाठी पुण्यास १९१० साली मंडळ काढले. इतिहास त्यांचा झाला कारण कागद त्यांनी राखला. आपण मात्र "आमचा इतिहास लिहिला नाही" म्हणून सभांतून टाहो फोडतो, आणि घरी येऊन त्याच इतिहासाचा तुकडा मोडीत घालतो. दुसऱ्याने आपल्या पणज्याचे चरित्र लिहावे ही अपेक्षा कशाच्या जोरावर करावी?

तिसरी गोष्ट आमच्याच पक्षाची. तीही झाकीत नाही. महायुद्धात आमच्या पुढाऱ्यांनी भरतीस मदत केली. शाहू महाराजांनी केली. शिपायांच्या सेवेचा दाखला देऊन हक्क मागितले, आणि १९१९ च्या सुधारणांत मुंबई कौन्सिलात मराठे व तत्सम जातींस ७ राखीव जागा मिळाल्या. मागणे योग्य होते, मिळाले ते थोडेच होते. परंतु ज्यांच्या रक्तावर त्या खुर्च्या मांडल्या, त्यांच्या नावांची गाववार वही तेव्हाच करून चावडीचावडीवर का टांगली गेली नाही? हा प्रश्न आम्ही परक्यास विचारण्याआधी स्वतःस विचारतो.

चौथे गाऱ्हाणे घरातल्या कारभारणीचे, आणि त्यापुढे आमची मान खाली जाते. "पोराची फी भरावयाची आहे, बिल्ला चाटून पोट भरते का?" नाही भरत, माय. गरज असेल तर वीक. विकणे हे पाप आहे असे सांगणारे आम्ही कोण? पण विकण्यापूर्वी दोन गोष्टी कर. कडेवरचे अक्षर कागदावर उतरवून घे, आणि जे विकतेस ते काय आहे हे जाणून वीक. अजाणतेपणी विकलेस तर चांदीचाही पुरा भाव मिळत नाही आणि नावही जाते. १९८० च्या सुमारास जगभर चांदी भडकली तेव्हा विलायतेतही असे पुष्कळ बिल्ले मुशीत गेले. तेथे निदान सरकारी दप्तरात नावे तरी आहेत. आपल्याकडे बिल्ला हेच दप्तर.

तेव्हा काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो.

फडताळ, पेटी, देव्हारा शोधा. घोडेस्वाराचा गोल बिल्ला सापडला तर त्यास चिंच लावू नका, रांगोळीने घासू नका, कान तोडू नका. कड उजेडात धरा. घरात इंग्रजी वाचणारी पोरे आता आहेत, त्यांच्या हातात मोबाइलही आहे. कडेचे चार बाजूंनी फोटो काढावयास सांगा. नंबर, नाव, पलटण वहीत उतरवा. त्याखाली बिल्ल्यावर नाही ते लिहा: गाव, वाडी, घर, भाऊ कोण, बायको कोठली, परत आला की नाही, कोण सांगते. म्हातारे माणूस जिवंत आहे तोवर हे करा. पेटीत जुना पेन्शनचा किंवा सुटकेचा कागद असेल तर तो बिल्ल्याशेजारी ठेवा, कारण नावे सारखी निघतात, नंबर सारखा निघत नाही. १९२२ साली पलटणींचे नंबर बदलले. म्हणून आजी "एकशेदहा" म्हणते आणि कागदावर दुसरेच दिसते, तर आजी खोटी आहे असे समजू नका.

गावातल्या फरशीवर रंगारी चुना फासत असेल तर त्याचा हात धरा. ग्रामसभेत ठराव करा की आमच्या फरशीवरच्या आकड्याची नावे आम्हांस पाहिजेत, आणि तो ठराव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास पाठवा. पंजाबच्या शिपायांच्या गाववार वह्या लाहोरच्या म्युझियमात धूळ खात पडल्या होत्या. २०२१ साली त्या लोकांपुढे येऊ लागल्या आणि सुमारे ३ लाख २० हजार माणसांचा मागमूस त्यांत निघाला. आपल्या जिल्ह्यांची वही कोठे आहे, हे विचारणारा एक तरी गाव निघू द्या. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू देशाबाहेर नेऊन विकण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही घेणाऱ्यास तोंडावर सांगा.

लिलावातल्या त्या शिपायाचे नाव आम्ही येथे छापीत नाही. नाव इतके सर्रास आहे की छापताच वीस घरे पुढे येतील, आणि खरे घर त्यांत हरवेल. नंबर आमच्या वहीत आहे. ज्या घरात त्या नंबराचा कागद असेल, किंवा ज्या माउलीने हळदीचा घोडेस्वार अलीकडे मोडीत घातला असेल, तिने न लाजता आमच्याकडे यावे. बिल्ला आम्ही परत देऊ शकत नाही, तो गेला. लोहारदादा अजून हळहळतात की आपण ओरडलो नसतो तर तो हाती लागला असता. आम्ही त्यांस म्हणतो, दादा, तुम्ही ओरडलात म्हणूनच तो खंडोबाचा पुन्हा माणूस झाला. आता त्या माणसाचे गाव तेवढे मिळाले पाहिजे.